‘आज बसायचं का?’ बार आला, मग कॉफी हाऊस का आलं नाही?

मराठीत ‘बसणं’ या साध्या क्रियापदाला एक खास अर्थ आहे. मित्राचा फोन आला आणि त्याने ‘संध्याकाळी बसायचं का?’ असं विचारलं, तर कुठे आणि कशासाठी हे पुढे सांगावं लागत नाही. भंडारा असो, तुमसर असो की साकोली, समजायचं ते समजतं.

भाषेने हा अर्थ उगाच उचललेला नाही. अंधार पडल्यावर चार माणसांनी निवांत बसावं, दोन तास बोलावं आणि कुणी ‘उठा’ म्हणू नये, अशी पैसे देऊन मिळणारी जागा आपल्या तालुक्यांच्या गावांत बहुतेक एकच उरली आहे, आणि ती म्हणजे बार. पानठेल्यावर उभं राहावं लागतं. चहाच्या टपरीवर दोन बाकडी असतात, पण कप रिकामा झाला की मागचा माणूस तुमच्याकडे बघायला लागतो. अभ्यासिकेत बसता येतं, तर तिथे बोलायला मनाई.

जगात अशा बसण्याच्या दोन मोठ्या जागा तयार झाल्या. एक दारूचा गुत्ता, दुसरी कॉफी हाऊस. आपल्या जिल्ह्यात पहिली आली, दुसरी आलीच नाही. याचं कारण आपल्याला कॉफी आवडत नाही, इतकं सोपं नाही. बसण्याचं भाडं कोण भरणार, हा खरा प्रश्न आहे, आणि तो फार जुना आहे.

राजाचे कान गुत्त्यात

सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वीच्या बाबिलोनमध्ये हम्मुराबी राजाने जे कायदे कोरून ठेवले, त्यात मद्यालय चालवणाऱ्या बायकांसाठी वेगळी कलमं आहेत. मापात पाप केलं तर शिक्षा आहेच. पण दुसरं एक कलम जास्त बोलकं आहे. कट करणारी माणसं तिच्या दुकानात जमली आणि तिने त्यांना पकडून राजवाड्यात हजर केलं नाही, तर तिला मृत्युदंड. माणसं पितात याची राजाला चिंता नव्हती, पिता पिता काय बोलतात याची होती.

आपल्याकडचा कौटिल्यही त्याच वाटेने जातो. अर्थशास्त्रात ‘सुराध्यक्ष’ नावाचा अधिकारी आहे. आजच्या भाषेत उत्पादन शुल्क विभागाचा प्रमुख म्हणा. मद्यालयात अनेक खोल्या असाव्यात, बसायला आसनं आणि निजायला शय्या असाव्यात, सुगंध, फुलांच्या माळा, पाणी असावं, ऋतूप्रमाणे तिथे सुखद वाटावं, असं त्याने लिहून ठेवलं आहे. आणि हो, तिथे हेर नेमावेत. कोण नेहमीपेक्षा जास्त खर्च करतो, अनोळखी कोण आला, यावर त्यांनी लक्ष ठेवावं. त्याच प्रकरणात उत्सव, समाज आणि यात्रा यांच्यासाठी चार दिवस मद्याची सवलत आहे. ही सवलत लक्षात ठेवा, पुढे मोहाच्या झाडाखाली ती पुन्हा आठवेल.

एका पेनीची बैठक

कॉफीची गोष्ट येमेनमधल्या सूफींपासून सुरू होते. पंधराव्या शतकात रात्रीच्या उपासनेत झोप येऊ नये म्हणून ते कॉफी पीत. ती मक्केला पोहोचली आणि १५११ मध्ये तिथल्या खैर बेग नावाच्या अधिकाऱ्याने तिच्यावर बंदी घातली. बंदी टिकली नाही. १५५० च्या दशकात अलेप्पो आणि दमास्कसहून आलेल्या दोन माणसांनी इस्तंबूलमध्ये कॉफीची दुकानं काढली. तिथे लोक बुद्धिबळ खेळत, कविता ऐकवत आणि दरबारातल्या भानगडी चघळत. १६३३ मध्ये सुलतान मुराद चौथा याने ती बंद केली.

लंडनमध्ये पहिलं कॉफी हाऊस १६५२ साली निघालं, पास्क्वा रोझे या माणसाचं. तिथली पद्धत समजून घेण्यासारखी आहे. एक पेनी दिली की आत बसता यायचं, वर्तमानपत्रं वाचता यायची, शेजारी व्यापारी बसलाय की कारकून हे न बघता वादात पडता यायचं. लोक या जागांना ‘पेनी युनिव्हर्सिटी’ म्हणू लागले. म्हणजे तिथे खरी विक्री जागेची होती, कॉफी तिच्यासोबत यायची. एडवर्ड लॉईडच्या कॉफी हाऊसमध्ये जहाजवाले आणि विमा घेणारे जमत, त्यातून पुढे ‘लॉईड्स’ हा विमा बाजार उभा राहिला. जोनाथनच्या कॉफी हाऊसमधल्या दलालांमधून लंडनचा शेअर बाजार.

राजा दुसरा चार्ल्स याला हे झेपलं नाही. डिसेंबर १६७५ मध्ये त्याने सगळी कॉफी हाऊस बंद करण्याचा फतवा काढला आणि इतका गदारोळ झाला की अंमल सुरू होण्याआधीच, जानेवारीत, तो मागे घ्यावा लागला.

कॉफी हाऊसला डोक्यावर घेण्याआधी दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. तिथे ग्राहक म्हणून बायकांना जागा नव्हती. १६७४ मध्ये बायकांच्या नावाने कॉफीविरुद्ध एक चोपडं छापून आलं होतं, त्यात नवरे दिवसभर तिकडेच पडून असतात ही तक्रार होती. ते खरंच बायकांनी लिहिलं की कुणा पुरुषाने गंमत म्हणून, हा वाद आहे, पण तक्रार ओळखीची आहे. आणि कॉफीने दारू सुटली असंही नाही. पुढच्याच शतकात लंडन स्वस्त जिनमध्ये इतकं बुडालं की १७५१ मध्ये संसदेला खास कायदा करावा लागला.

बार म्हणजे आडवी फळी

‘बार’ या शब्दाचा मूळ अर्थ आडवा दांडा, अडसर. कोर्टातला बार तोच, वकिलांच्या बार कौन्सिलमधलाही तोच. गुत्त्यात विकणारा आणि पिणारा यांच्यामध्ये जी फळी असायची तिला बार म्हणू लागले आणि नंतर सगळ्या दुकानालाच ते नाव चिकटलं. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये मोठमोठ्या दिव्यांची, आरशांची जिनची दुकानं निघाली. तिथे लांबलचक काउंटर असायचं, कारण उभ्या उभ्या पिणारं गिऱ्हाईक लवकर पितं आणि लवकर जागा सोडतं. आपल्याकडे उलटं झालं. इथे बारमध्ये माणूस बसतो, आणि उभ्याने पितो तो देशीच्या भट्टीवर.

मोहाच्या झाडाखालून भट्टीकडे

भंडारा जिल्ह्याची स्वतःची दारू मोहाची. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुलं गळतात. झाडाखालची जागा साफ करून बायका, पोरं ती वेचतात, वाळवतात. काही खाल्ली जातात, काही गुरांना जातात, काही विकली जातात आणि काहींची दारू होते. गोंड समाजात जन्म, लग्न, मृत्यू आणि देवाचं काम यांत मोहाच्या दारूला स्थान आहे. ती अंगणात, झाडाखाली, सगळ्यांसमोर प्यायली जायची, आणि सण सरला की बैठकही सरायची. कौटिल्याची चार दिवसांची सवलत ती हीच.

ब्रिटिश काळात मध्य प्रांतात हे बदललं. दारू गाळणं आणि विकणं परवान्याखाली आलं, दुकानांचे लिलाव होऊ लागले. परंपरेने हा धंदा करणाऱ्या कलार समाजातले काही जण ठेकेदार झाले, काही सावकारी-शेतीत गेले. १९१५ चा मध्य प्रांत अबकारी कायदा या व्यवस्थेचा कळस होता. प्रांताच्या तिजोरीला दारूचा मोठा आधार होता, म्हणूनच १९२०-२१ च्या असहकारात दारूच्या दुकानांपुढे निदर्शनं झाली. त्यांत नैतिकता होती, तसा सरकारच्या उत्पन्नावर नेमका घावही होता. १९३८ मध्ये काँग्रेसच्या प्रांतिक सरकारने दारूबंदीचा कायदा केला.

गावाची बैठक मात्र तोवर फुटली होती. दारू अंगणातून उठून दुकानात गेली. अंगणात बायको, म्हातारी आई, सोयरे समोर असायचे, त्यामुळे किती प्यायची याला आपोआप चाप होता. दुकानात तो चाप सुटला. आजही पेपरात ‘मोहफुलाचा सडवा नष्ट’ ही बातमी येत असते. गंमत बघा, ज्या झाडाचं फूल गोळा करण्यावरचे आदिवासींवरचे निर्बंध राज्य सरकारने २०२१ मध्ये सैल केले, त्याच फुलाची दारू घरी गाळली तर गुन्हा आहे. बावनथडी ओलांडून बालाघाटात गेलात तर मध्य प्रदेशात आदिवासींना घरगुती वापरापुरती मर्यादित सूट आहे. त्या राज्याने तर मोहाची दारू ‘हेरिटेज’ मद्य म्हणून बाजारात आणायचं धोरण घेतलं. आपल्या बाजूला नाही.

परमिट रूममधलं ‘परमिट’ कुठे गेलं?

भंडारा १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता, मग द्विभाषिक मुंबई राज्यात आला. मुंबईचा १९४९ चा दारूबंदी कायदा १९५९ मध्ये आपल्याकडे लागू झाला. तो कायदा आजही आहे, फक्त नाव ‘महाराष्ट्र दारूबंदी कायदा’ असं झालं. हे वाचून पुष्कळांना आश्चर्य वाटेल. महाराष्ट्रात कायद्याने मूळ स्थिती दारूबंदीची आहे, आणि पिणं हा तिला अपवाद आहे. अपवादासाठी परवाना लागतो.

तुमच्या चौकातल्या पाटीवर ‘बिअर बार अँड परमिट रूम’ लिहिलेलं असतं, त्यातलं परमिट ते हे. सुरुवातीला हा परवाना डॉक्टरांच्या शिफारशीवर, प्रकृतीसाठी म्हणून मिळायचा. प्रकृती बिघडलेल्यांची संख्या अर्थातच वाढत गेली. साठ आणि सत्तरच्या दशकांत सवलती सैल होत गेल्या. १९७३ मध्ये देशी दारूचे नियम आले आणि भट्टीला कायद्यात कायमचं घर मिळालं. आज एका दिवसाचा परवाना देशीला २ रुपये आणि विदेशीला ५ रुपये, वर्षाचा १०० आणि आयुष्यभराचा १,००० रुपये. बारमालकाकडे एफएल-३ परवाना असतो, देशी विकणाऱ्याकडे सीएल-३, आणि पिणाऱ्याकडेही स्वतःचा असावा अशी अपेक्षा असते. बिलात तो परवाना कुठे जमा होतो हे किती जणांनी पाहिलंय?

सरकारचा दोष इथे दाखवला पाहिजे. कायद्याचं नाव दारूबंदी आणि तिजोरीची भिस्त दारूवर, असा हा संसार आहे. पिण्याची दारू जीएसटीबाहेर असल्याने तिच्यावरचा कर राज्याच्या हातात आहे, त्यामुळे मोह सुटत नाही. म्हणून आपल्या बारला धड प्रतिष्ठाही नाही आणि धड मनाईही नाही. काळ्या काचा, जाड पडदे, मंद दिवे. बाहेरून दिसू नये याचीच सगळी तजवीज. कॉफी हाऊसची खिडकी रस्त्याकडे उघडते, परमिट रूमचा दरवाजा रस्त्याकडे पाठ करतो.

बारचं नातं गावापेक्षा रस्त्याशी जास्त आहे. मुंबई-कोलकाता महामार्ग, पूर्वीचा सहा नंबर आणि आताचा ५३, भंडारा, लाखनी, साकोली असा जिल्ह्याच्या मधून जातो. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको असा आदेश दिला आणि १ एप्रिल २०१७ पासून तो लागू झाला. नंतर लहान गावांसाठी अंतर कमी झालं आणि पालिका हद्दीला सूट मिळाली. त्या काही महिन्यांत दुकानांच्या नुकसानीची चर्चा सगळीकडे झाली. संध्याकाळी जायचं तर कुठे, हा प्रश्न कुणी काढला नाही.

कॉफी नागपूरला थांबली

‘इंडिया कॉफी हाऊस’ हीसुद्धा मुळात सरकारी योजना होती. देशातल्या कॉफीला गिऱ्हाईक मिळावं म्हणून १९३६ मध्ये मुंबईत चर्चगेटला पहिलं दुकान उघडलं. पन्नाशीच्या दशकात कॉफी बोर्डाने दुकानं बंद करायला घेतली, तेव्हा कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या पाठबळाने कामगारांनी सहकारी संस्था काढल्या आणि १९५७ पासून ती स्वतः चालवायला घेतली. त्यांतली जबलपूरची संस्था मध्य भारतात पसरली. नागपुरात सदरला इंडियन कॉफी हाऊस आलं. तिथून भंडारा साठेक किलोमीटर, पण ते अंतर काही पार झालं नाही.

इथे पुन्हा त्याच भाड्याच्या हिशेबावर येतो. एक कप पेय घेऊन दोन तास बसणारं गिऱ्हाईक दुकानदाराला परवडत नाही. लंडनने प्रवेशाला पेनी लावून ते सोडवलं, कॉफी बोर्डाने माल खपावा म्हणून सोसलं, सहकारी संस्थेत मालक आणि वाढपी एकच असल्याने निभावलं. बारमध्ये बसण्याचं भाडं बाटलीतून वसूल होतं. भंडाऱ्यात कॉफीच्या कपामागे उभं राहील असं कुणीच नव्हतं. चहा मात्र आला, रेल्वेने आला. भंडारा रोड स्टेशन वरठीला, गावापासून लांब. चहा कंपन्यांनी स्टेशनांवर आणि जत्रांत प्रचार करून देशाला ज्या चहाची सवय लावली, तो उभ्या उभ्या, गाडी सुटायच्या आत प्यायचा होता.

दुसरं कारण जातीचं. लंडनच्या बाकावर पेनी पुरत होती, आपल्या होटेलात पुरत नव्हती. दलितांसाठी वेगळी कपबशी, ती स्वतः धुवून ठेवायची, हे या देशात घडत होतं म्हणूनच राज्यघटनेच्या १५ व्या कलमात दुकानं, उपाहारगृहं आणि होटेलं यांचा नावानिशी उल्लेख करावा लागला. ती घटना लिहिणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५४ मध्ये भंडाऱ्यातूनच लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले. त्यानंतर दोनच वर्षांनी नागपूरला धम्मदीक्षेत त्यांनी दारू न पिण्याची प्रतिज्ञा दिली. त्या प्रतिज्ञेमागोमाग गावोगावी विहार उभे राहिले. तिकडे तुकडोजी महाराजांच्या सामुदायिक प्रार्थनेने आणखी एक बैठक दिली. दिवाळीनंतरची मंडई आहे, दंडार आहे, झाडीपट्टीचं रात्रभर चालणारं नाटक आहे. बायका-पोरांसह अख्खं गाव बसतं अशा या जागा आपण घडवल्या आहेत. पण त्या सणाच्या किंवा श्रद्धेच्या. मंगळवारी संध्याकाळी सात वाजता, कुठलंही निमित्त नसताना बसायची जागा त्यांत नाही.

अलीकडे कॉफी पोहोचली आहे म्हणा. तालुक्याच्या ठिकाणीही ‘कॅफे’च्या पाट्या दिसतात. राज्यातल्या अनेक जिल्ह्यांत पोलिसांनी अशा कॅफेंमधल्या पडदे लावलेल्या केबिन तोडल्याच्या बातम्या येतात. तरुण मुलामुलींना उजेडात बोलायला जागा नसेल तर ती पडद्याआड जातील, आणि पडद्याआडचा धंदा करणाराही मिळेलच. परमिट रूमचा पडदा कॉफीने उचलला आहे.

आडवी बाटली, आणि त्यानंतर

२००८ च्या आदेशानुसार गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी सह्या करून मागणी केली तर दारू दुकानासाठी मतदान होतं. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली. आडवीला एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं पडली तर दुकान बंद. ‘एकूण’ हा शब्द नीट वाचा. झालेल्या मतदानाच्या नव्हे, यादीतल्या सगळ्या बायकांच्या निम्म्याहून जास्त. रोवणीला दुसऱ्या गावी गेलेली, बाळंतपणाला माहेरी असलेली, नाव न कापलेली मयत, अशी प्रत्येक गैरहजर बाई हिशेबात उभ्या बाटलीच्या बाजूने जाते. आमदार निवडायला नसलेली ही अट दुकान बंद करायला का? झालेल्या मतदानावर निकाल लावायला काय हरकत आहे?

आणि बाटली आडवी झाली तरी दुसऱ्या दिवशी संध्याकाळ होतेच. एका बाजूला वर्धा १९७४ पासून आणि गडचिरोली १९९३ पासून दारूबंदीचे जिल्हे, चंद्रपूरची बंदी २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. लाखांदूरपलीकडे गडचिरोलीची हद्द लागते, तिथे काय इकडून तिकडे जातं ते कुणाला सांगायला नको. बंदी हवी की नको यावर या सगळ्या वर्षांत रान पेटलं. बंद झालेल्या दुकानाच्या जागी संध्याकाळी काय उघडावं, यावर एकही सरकारी कागद निघालेला माझ्या पाहण्यात नाही.

मागणी फार मोठी नाही. नगर परिषदांचे आणि ग्रामपंचायतींचे गाळे असतात. प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी एक गाळा ‘उमेद’च्या बचत गटाला नाममात्र भाड्याने द्यावा. अटी चारच. बसायला पाठ असलेली बाकडी, चार वर्तमानपत्रं, बायकांसाठी स्वच्छतागृह आणि रात्री नऊपर्यंत लख्ख उजेड. चहा, कॉफी, तर्री-पोहे, हंगामात मोहफुलाचे लाडू. बसण्याचं भाडं पालिकेने गाळ्याच्या दरात सोसायचं. दारूच्या करातून मिळणाऱ्या पैशातला अगदी लहानसा वाटा त्यासाठी पुरेल.

याने कुणाची दारू सुटेल असा दावा नाही, लंडनचीही सुटली नव्हती. ज्यांना प्यायचं नाही आणि तरी बसायचं आहे, त्यांची ही गोष्ट आहे. जिल्ह्यात अशी माणसं थोडी नाहीत, आणि त्यांत निम्म्याहून जास्त बायका असतील. बाजारहाट करून बसची वाट बघणाऱ्या बाईला आज पवनीत किंवा मोहाडीत बसस्टँडच्या बाकड्याशिवाय दुसरी जागा कुठली आहे, ते नगराध्यक्षांनी एकदा स्वतः शोधून बघावं.